ठिपके मोजायचे राहिले: एका एएनए रिपोर्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाई दिंडोरी तालुक्यातल्या, वय पन्नाशीच्या अलीकडचं, घरची द्राक्षबाग. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम आणि आमच्या लॅबच्या हातून झालेली चूक मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

ऑक्टोबरातली फळछाटणी आटोपली आणि काही आठवड्यांतच त्यांच्या अंगाला खाज सुटायला लागली. बागायतदाराच्या घरात खाजेचा गुन्हेगार ठरलेलाच असतो: फवारणी. त्यातून घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं संजीवक) पाण्यात बुडवायचं काम बायकांच्याच वाट्याला येतं, आणि हातमोजे घालून ते उरकत नाही असं सगळ्याच सांगतात. जावेनं निदान केलं, नवऱ्यानं दुजोरा दिला, गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली. गोळीनं झोप यायची, खाज तशीच. मग त्वचेच्या डॉक्टरांकडे. तिथून आणलेलं खरजेचं औषध अख्ख्या घरानं मानेपासून पायापर्यंत लावलं. बाकी कुणाला खाज नव्हतीच, त्यामुळे गुण कुणाला आला हे कळायला मार्ग नव्हता.

खाज रात्री वाढायची, तळहात आणि तळपायांना जास्त. अंगावर पुरळ नाही, फक्त नखांचे ओरखडे. दुपारी बागेत उभं राहवत नाही इतका थकवा, कोरडे डोळे, सकाळी आखडलेली बोटं. डिसेंबरअखेर मुलगा त्यांना नाशिकला घेऊन आला. इथल्या फिजिशियननी रक्त तपासून घेतलं. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्ताचा मार्ग अडला की रक्तात वाढणारं एन्झाइम, ४१२ निघालं, त्या लॅबची वरची मर्यादा १२० होती. एसजीपीटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम किंचित वाढलेलं, बिलिरुबिन नॉर्मल. सोनोग्राफीत खडे नाहीत, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत. सांधे आणि कोरडे डोळे बघून त्यांनी एएनए ही ऑटोइम्यून आजारांची रक्ततपासणी लिहिली आणि तो नमुना आमच्याकडे आला.

पहिली गोम इथेच आहे. लिव्हरचे आकडे दुसऱ्या लॅबचे होते. आमच्या फॉर्मवर ‘एएनए बाय आयएफ’ (इम्युनोफ्लुओरेसन्स) एवढंच लिहिलेलं, ‘रुग्णाची माहिती’ हा रकाना कोरा. असे कोरे रकाने रोज येतात आणि आम्ही फोन उचलून विचारत नाही. तेव्हाही विचारलं नाही.

पहिला रिपोर्ट

एएनए म्हणजे शरीरानं स्वतःच्याच केंद्रकातल्या प्रथिनांविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी. त्या शोधायची रीत जुनी आणि साधी आहे. काचपट्टीवर हेप-टू नावाच्या मानवी पेशी आधीच वाढवून घट्ट बसवलेल्या असतात. त्यांवर रुग्णाचं पातळ केलेलं सिरम घालायचं, अर्धा तास थांबायचं, धुवायचं. मग हिरवी चमक देणारं एफआयटीसी जोडलेलं कॉन्जुगेट, म्हणजे माणसाच्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी, घालायचं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुवायचं, आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली बघायचं. अँटिबॉडी ज्या प्रथिनाला चिकटली ते केंद्रकात जिथे राहतं, तेवढीच जागा हिरवी होते. रुग्णाचं रक्तच बोट दाखवतं.

(हेप-टू पेशी १९५० च्या दशकात स्वरयंत्राच्या कर्करोगातून वाढवल्या, असं बरीच वर्षं समजलं जायचं. पुढे लक्षात आलं की त्यांच्यात हेला पेशी शिरल्या होत्या आणि मूळ पेशी कधीच मागे पडल्या होत्या. हेला म्हणजे १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशी. नव्या टेक्निशियनला मी हे पहिल्याच दिवशी सांगते. पुढे याचा हिशेबातही उपयोग होणार आहे.)

त्या दिवशी नऊ एएनए होते आणि रिपोर्ट सहाच्या आत द्यायचे होते. अंधारखोलीचं दार मधे दोनदा उघडलं, कुणीतरी चावी मागायला आलं. टेक्निशियननं पट्टी लावली. केंद्रक हिरव्या दाण्यांनी भरलेलं. “मॅडम, स्पेकल्ड, थ्री प्लस,” ती म्हणाली. मी आयपीसला डोळे लावले, दोन-तीन फील्ड सरकवली आणि “हो, दे” म्हटलं. फार तर वीस सेकंद लागले असतील. रिपोर्ट गेला: पॉझिटिव्ह, ३+ (म्हणजे चमक जोरदार), स्पेकल्ड (दाणेदार), डायल्यूशन १:१०० (सिरम शंभरपट पातळ केलेलं).

स्पेकल्ड म्हटलं की पुढची पायरी ठरलेली असते, ती म्हणजे ब्लॉट. कागदी पट्टीवर पंधरा-सोळा प्रथिनांच्या रेघा असतात. ज्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी असेल ती रेघ काळसर उमटते. फिजिशियननी आमच्या रिपोर्टच्या आधारानं ब्लॉट सांगितला आणि तोही आम्हीच केला. सगळ्या रेघा कोऱ्या. एसएस-ए नाही, एसएस-बी नाही, एसएम नाही, आरएनपी नाही, सेंट्रोमियर-बी नाही. मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची एएमए-एमटूसुद्धा नाही. फक्त कंट्रोलची रेघ ठणठणीत.

अडचण

एएनए ३+ आणि ब्लॉट कोरा, अशी जोडी आली की बहुतेक ठिकाणी एकच अर्थ लावला जातो: एएनए उगाच पॉझिटिव्ह आला. याला आधारही आहे. १:८० ला निरोगी माणसांतही शंभरात तेरा-एक जण पॉझिटिव्ह निघतात. त्यात एएमए नाही म्हटल्यावर पित्तनलिकांच्या ऑटोइम्यून आजाराचा विचारही मागे पडला, कारण त्या आजारात नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत एएमए सापडते. उरलेल्या थोड्यांचं काय, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही. आम्ही तर नाहीच, कारण लिव्हरचा विषय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पाच महिने गेले. हंगामात माल निघाला, एप्रिलची खरड छाटणी झाली, खाज चालूच. मे महिन्यात अल्कलाइन फॉस्फेटेज ४३८ आलं आणि फिजिशियनचा मला फोन आला.

“मॅडम, तुमचा एएनए थ्री प्लस आणि तुमचाच ब्लॉट कोरा. दोघांतलं खरं कोण?”

प्रश्न चोख होता आणि त्याचं उत्तर ‘दोन्ही खरे’ असं होतं. हजेरीपटात नावच नसलेला मुलगा वर्गात बसलेला असला तरी त्याची हजेरी लागत नाही. ब्लॉटच्या पट्टीवर जी प्रथिनं नाहीत त्यांच्याबद्दल ब्लॉट गप्पच राहणार. मी विचारलं, बाकी काय आहे पेशंटला? आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा ऐकला.

केंद्रकात कोण कुठे राहतं

इथे जरा थांबावं लागेल. सगळं प्रकरण या एका मुद्द्यावर फिरतं.

शाळेच्या पुस्तकातलं केंद्रक म्हणजे एक गोल, आत गुणसूत्रं, मधे गडद केंद्रकी. प्रत्यक्षात मानवी पेशीचं केंद्रक जुन्या नाशिकसारखं आहे. सराफ बाजाराला तटबंदी नाही, भांडी बाजाराला वेस नाही, तरी कुठे एक संपतो आणि दुसरा लागतो हे पायाला कळतं. केंद्रकातही आतल्या आत पडदे नाहीत. तरी ठरावीक प्रथिनं ठरावीक ठिकाणी गर्दी करतात आणि त्या गर्दीला स्वतःचा आकार येतो.

डीएनए आणि हिस्टोन सगळीकडे पसरलेले असतात, म्हणून त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडीनं अख्खं केंद्रक सारखं हिरवं होतं. रायबोसोमची जुळणी केंद्रकीत चालते. तिथल्या फायब्रिलारिनविरुद्ध अँटिबॉडी असेल तर दोन-चार मोठे ढेकूळ तेवढे चमकतात. लॅमिन हे प्रथिन केंद्रकाच्या पटलाला आतून अस्तरासारखं लागलेलं, त्यामुळे नुसती कड उजळते. आरएनए कापून जोडणाऱ्या यंत्रणेतली प्रथिनं, म्हणजे एसएम, आरएनपी वगैरे, केंद्रकी सोडून सर्वत्र बारीक-जाड दाण्यांसारखी विखुरलेली. हे खरं स्पेकल्ड. दाणे इतके दाट की मोजायला जाऊ नये.

आणि मग येतात मोजता येणारे ठिपके. घोळ इथेच होतो, कारण असे ठिपके तीन वेगवेगळ्या वस्त्यांचे असू शकतात.

पहिली वस्ती सेंट्रोमियरची. प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेला ही प्रथिनं बसलेली असतात, म्हणून जितकी गुणसूत्रं साधारण तितके ठिपके. माणसाच्या साध्या पेशीत गुणसूत्रं ४६, पण हेला पेशींमध्ये ती ७६ ते ८० च्या घरात जातात. म्हणून या पट्टीवर सेंट्रोमियरचे ठिपके ४० ते ८० दिसतात, सगळे जवळपास एका मापाचे. दुसरी वस्ती काहाल बॉडीची. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १९०३ मध्ये चेतापेशींच्या केंद्रकात टिपलेली. तिच्यात कॉइलिन नावाचं प्रथिन असतं आणि ठिपके एक ते सहा, पुष्कळदा केंद्रकीला खेटून. तिसरी वस्ती पीएमएल बॉडीची. ठिपके सहा ते वीस, लहानमोठे, केंद्रकी सोडून कुठेही. मोठ्यात मोठी पीएमएल बॉडी मायक्रॉनभराची.

पीएमएल हे नाव एका रक्ताच्या कर्करोगावरून आलं. त्या कर्करोगात हे प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाला चुकून जोडलं जातं आणि ठिपके फुटून त्यांचा भुगा होतो. औषध लागू पडलं की ठिपके पुन्हा जमतात. प्रथिन आहे की नाही इतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं, याचं यापेक्षा ढळढळीत उदाहरण मला माहीत नाही.

याच पीएमएल बॉडीत एसपी-१०० नावाचं प्रथिन राहतं. ते सापडलं १९८७ मध्ये, आणि सापडलं तेच प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिसच्या रुग्णांच्या सिरममधून. पित्तनलिकांचा वर म्हटलेला ऑटोइम्यून आजार तो हाच; त्याचं नाव आता बदलून प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, थोडक्यात पीबीसी, असं झालं आहे. एसपी म्हणजे स्पेकल्ड आणि १०० म्हणजे जेलवर ते शंभर किलोडाल्टनपाशी थांबतं म्हणून. हिशेबानं त्याचं वजन जवळपास निम्मं आहे. म्हणजे नावातला आकडा फसवा आहे आणि नावातला ‘स्पेकल्ड’ शब्दही, ज्यानं आम्हाला बरोब्बर फसवलं.

या सगळ्यावरून नावं एकसारखी वापरावीत म्हणून २०१४ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत जाणकार जमले आणि प्रत्येक पॅटर्नला क्रमांक दिले. सेंट्रोमियर एसी-३, बारीक स्पेकल्ड एसी-४, जाड एसी-५, पुष्कळ ठिपके एसी-६, थोडे ठिपके एसी-७. आमच्या भिंतीवर तो तक्ता लॅमिनेट करून लावलेलाही होता.

समोर असलेले पर्याय

फोन ठेवला तेव्हा मनात एसी-६ आलं होतं, पण मनात येणं वेगळं आणि कागदावर देणं वेगळं. जुनी पट्टी फ्रीजमध्ये होती, तिची चमक विझलेली. तेव्हा काढलेला एकच फोटो होता. त्याचं एक्स्पोजर इतकं वाढवलेलं की केंद्रकं पांढरी पडलेली. त्या फोटोवरून कुणालाही काहीही सिद्ध करता आलं असतं.

एक मार्ग असा होता की थेट लिव्हरचा खास ब्लॉट मुंबईला पाठवायचा. त्यात एसपी-१००, पीएमएल, जीपी-२१० अशा रेघा असतात. सगळ्यांत झटपट काम. पण माझा अंदाज चुकला असता तर खर्च रुग्णाच्या माथी, आणि आमचा मूळ रिपोर्ट तसाच लटकत राहिला असता. दुसरा मार्ग नवीन रक्त घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं. त्यासाठी बाईंना पुन्हा दिंडोरीहून बोलवायचं, तेही आमच्या घाईपायी. तिसरा मार्ग मला बरा वाटला. पॉझिटिव्ह एएनएचं सिरम आम्ही उणे २० ला वर्षभर ठेवतो, त्यातूनच चढत्या डायल्यूशननं पुन्हा वाचायचं, आमच्या खर्चानं.

चौथा पर्याय माझ्या भागीदार सरांनी मांडला आणि तो मी लपवणार नाही, कारण तो बहुतेक ठिकाणी निवडला जातो. “स्पेकल्ड हे चूक नाहीये,” ते म्हणाले. “ठिपके म्हणजे स्पेकलच. अपुरं आहे, एवढंच. फोनवर सांगून टाक ना, लिव्हर ब्लॉट करा म्हणून. रिपोर्ट कशाला बदलायचा?” शब्दकोशाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. पण आमच्या ‘स्पेकल्ड’मुळेच फिजिशियननी तो ब्लॉट मागवला होता ज्यात उत्तर असणंच शक्य नव्हतं. आम्ही जो पत्ता दिला त्या पत्त्यावर ते गेले आणि दाराला कुलूप पाहून परत आले. यावर आमचं अर्धा तास वाजलं. शेवटी सर म्हणाले, आधी वाच तर खरं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी सुरू व्हायच्या आत, चार डायल्यूशन लावली: १:१००, १:३२०, १:१०००, १:३२००. दारावर ‘आत काम चालू’ची पाटी लावली. दहा मिनिटं नुसतं अंधारात बसलो, डोळे सरावायला. हे पुस्तकात असतं आणि कुणी करत नाही.

१:१०० ला तेच चित्र, हिरव्या दाण्यांनी गच्च केंद्रक. पण आता शोधत होते म्हणून दिसलं की त्या गर्दीत काही दाणे जास्त झगझगीत आहेत. १:३२० ला मागची हिरवळ ओसरायला लागली. १:१००० लावलं आणि मी आपोआप “अरे” म्हटलं. मागे जवळपास काळोख, आणि प्रत्येक केंद्रकात सुटे-सुटे तेजस्वी ठिपके. काही मोहरीएवढे, काही खसखशीएवढे. केंद्रकीच्या जागा काळ्या, तिथे एकही नाही. १:३२०० लाही ठिपके टिकून.

टेक्निशियनला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला वेगळं बसवून बघायला लावलं. ती बघून म्हणाली, “मॅडम, सेंट्रोमियर.”

ही दुसरी फसवी जागा, आणि ती चुकली यात नवल नाही. सेंट्रोमियर आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी येतो, पुष्कळ ठिपक्यांचा पॅटर्न वर्षाकाठी एखादा. डोळा ओळखीचंच बघतो. आणि ही चूक साधी ठरली नसती. सेंट्रोमियर लिहिलं असतं तर बाईंची रवानगी स्क्लेरोडर्मा या कातडी कडक करणाऱ्या आजाराच्या तपासण्यांकडे झाली असती: बोटांची कातडी, फुफ्फुसं, इको. त्यातही गंमत अशी की पीबीसीच्या काही रुग्णांत सेंट्रोमियरच्या अँटिबॉडीही असतात, म्हणजे लिव्हरचे आकडे बघून ‘जुळतंय की’ असं वाटून चूक आणखी पक्की झाली असती.

मग दोन कामं केली. डीएलसीला, म्हणजे पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायला, वापरतो तो टॅली काउंटर घेतला आणि वीस केंद्रकांतले ठिपके मोजले. मी डोळे लावून टक-टक दाबत होते, ती आकडे लिहीत होती. नऊ, तेरा, सात, सोळा, अकरा. विसाच्या वर एकदाच गेले, तेही दोन केंद्रकं एकमेकांवर आलेली होती. चाळिसाच्या जवळपास काहीच नाही.

दुसरं काम विभाजनातली पेशी शोधणं. निवाडा तीच देते. मेटाफेजमध्ये गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका आडव्या पट्टीत गोळा होतात. सेंट्रोमियरची प्रथिनं गुणसूत्राला सोडत नाहीत, म्हणून त्या वेळी सगळे ठिपके त्याच पट्टीत, ओवलेल्या मण्यांसारखे दिसायला हवेत. पीएमएल बॉडी गुणसूत्रांवर बसलेली नसते. विभाजन सुरू झालं की ती विस्कटते, एसपी-१०० तिच्यातून सुटून जातं आणि गुणसूत्रांची पट्टी कोरी राहते. पट्टी सरकवत सरकवत चार मेटाफेज मिळाल्या. चारही ठिकाणी मधली पट्टी काळी, एकही मणी नाही.

ती काही बोलली नाही. स्वतःच उठून भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेली, मोबाइलच्या उजेडात एसी-६ चं चित्र बघून आली.

सरांना दाखवलं. त्यांनीही स्वतः मोजले आणि म्हणाले, “काढ सुधारित रिपोर्ट.” जुना रिपोर्ट क्रमांक लिहून, आधीचं वाचन रद्द केल्याचं स्पष्ट नमूद करून नवा दिला: पुष्कळ केंद्रकी ठिपके, एसी-६, टायटर (चमक टिकते ते शेवटचं डायल्यूशन) १:३२०० किंवा त्याहून जास्त. खाली एक ओळ घातली की या पॅटर्नची नेहमीची लक्ष्यं एसपी-१०० आणि पीएमएल ही असून ती नेहमीच्या एएनए ब्लॉटमध्ये नसतात, लिव्हर प्रोफाइल ब्लॉट करावा. आणखी एक ओळ घालायची की नाही यावर पुन्हा थोडं अडलं. याच ठिपक्यांत एनएक्सपी-टू नावाचं प्रथिनही असतं आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडीचा संबंध डर्मॅटोमायोसायटिसशी, म्हणजे स्नायू-त्वचेच्या वेगळ्याच आजाराशी आहे. शेवटी तीही ओळ घातली. पॅटर्नवरून वस्ती कळते, घर कळत नाही.

फिजिशियनना फोन मीच केला. “आधीचं आमचं वाचन अपुरं होतं” असं घोळवून सांगायचा मोह झाला. “आधीचं आम्ही चुकीचं वाचलं” असं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता, मग ते म्हणाले, “बरं झालं. ब्लॉट कुठे पाठवायचा ते सांगा.”

निष्पत्ती

साठवलेलं सिरम थंड डब्यातून मुंबईला गेलं आणि चौथ्या दिवशी उत्तर आलं. एसपी-१०० जोरदार पॉझिटिव्ह, पीएमएल पॉझिटिव्ह, एएमए-एमटू आणि जीपी-२१० निगेटिव्ह.

पीबीसीच्या निदानाला तीनपैकी दोन गोष्टी पुरतात: टिकून राहिलेलं वाढीव अल्कलाइन फॉस्फेटेज, एएमए किंवा या आजाराची खास एएनए, आणि बायोप्सीतला पुरावा. इथे पहिल्या दोन होत्या, त्यामुळे बायोप्सीची सुई टळली. पोटविकारतज्ज्ञांनी फायब्रोस्कॅन केला. लिव्हर अजून फारसं कडक झालेलं नव्हतं. वजन ५६ किलो, म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड रोज ७५० मिलिग्रॅम, सकाळी ३०० आणि रात्री ४५०. या औषधाचं माप किलोमागे १३ ते १५ मिलिग्रॅम असतं आणि पुष्कळदा ते नुसतं ‘एक गोळी दोन वेळा’ म्हणून कमी पडतं. इथे नीट दिलं गेलं.

सहा महिन्यांनी अल्कलाइन फॉस्फेटेज २३६, वर्षानं १७४. खाजेची गोष्ट इतकी सरळ नाही. अर्सोनं खाज जातेच असं नाही, आणि त्यांची गेली नाही. कोलेस्टिरामिनची पावडर सुरू केली. ती अर्सोच्या आधी-नंतर चार तास अंतर ठेवून घ्यायची असते, नाहीतर औषधालाच आतड्यात धरून ठेवते. पहिले दोन आठवडे त्या दोन्ही एकदमच घेत होत्या, कारण कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. पावडर तोंडाला वाळूसारखी लागते म्हणून कोकम सरबतात घालून प्यायला लागल्या, तेव्हा कुठे सवय झाली. आता रात्री झोप लागते, पण ‘कधीकधी तळपाय बोलतात’ असं त्या म्हणतात.

फवारणीवरचा आळ गेला का? घरात नाही. जाऊ अजून म्हणते, मूळ तिथूनच. घड बुडवताना हातमोजे घालायला लागल्या आहेत, हा एक फायदा झाला.

आता काय वेगळं करतो, काय तेव्हाच करता आलं असतं

सगळ्यांत स्वस्त उपाय तेव्हाही हाताशी होता: एक फोन. ‘एएनए कशासाठी?’ एवढं विचारलं असतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेज कळलं असतं, तर मी वीस सेकंदांत मान डोलावली नसती. आता रकाना कोरा असला तर काउंटरवरची मुलगी रुग्णालाच तीन प्रश्न विचारते आणि उत्तरं फॉर्मवर लिहिते. डॉक्टरांना विचारण्यापेक्षा हे सोपं जातं आणि खरं सांगायचं तर जास्त माहिती मिळते.

एकाच डायल्यूशनवर थांबणं ही दुसरी चूक. १:१०० ला ३+ आलं की सिरम इतकं दाट असतं की मागची चमक आणि मुद्द्याची चमक एकमेकांत मिसळते. आता ३+ च्या पुढे सगळं १:१००० ला पुन्हा लावतो. पट्ट्या जास्त लागतात, सर महिन्याच्या शेवटी खर्चाचा कागद पुढे करतात, आणि तो खर्च रास्त आहे असं मला वाटतं. ‘स्पेकल्ड’ हा एकटा शब्द आमच्या रिपोर्टातून गेला. बारीक की जाड, की मोजता येणारे ठिपके, हे लिहावंच लागतं, आणि ठिपके असतील तर आकडा आणि मेटाफेजचं वाचन. फोटो दोन काढतो, एक कमी एक्स्पोजरचा.

आधीच्या तीन महिन्यांतले ‘स्पेकल्ड’ रिपोर्ट आम्ही साठवलेल्या सिरमवरून पुन्हा वाचले. दोन बदलावे लागले. एक सेंट्रोमियर निघाला. दुसरा दाट बारीक दाण्यांचा एसी-२, जो उलट दिलासा देणारा असतो. दोन्ही डॉक्टरांना फोन केले. एकांनी आभार मानले, दुसऱ्यांनी आमच्याकडे नमुने पाठवणं बंद केलं.

फिजिशियनच्या बाजूनं काय करता आलं असतं हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही. एवढंच म्हणेन की कोरा ब्लॉट आला त्याच दिवशी मेमधला तो प्रश्न जानेवारीत विचारला गेला असता, तर द्राक्षाचा एक हंगाम बाईंनी झोपून काढला असता, जागून नाही.

मागच्या महिन्यात मुलगा रिपोर्ट न्यायला आला होता. त्यानं विचारलं, “ताई, तो ठिपक्यांचा टेस्ट परत करायचा का? गेले असतील तर कळेल.” मी नको म्हटलं. ठिपके जाणार नाहीत आणि ते कमी झाले की वाढले यावरून आजाराचं काही कळत नाही. पैसे अल्कलाइन फॉस्फेटेजला ठेवा, सहा महिन्यांनी या. तो पाकीट घडी करून खिशात घालत म्हणाला, मग आई आली की तिला एकदा मायक्रोस्कोपातून दाखवाल का, तिला बघायचंय. दाखवेन म्हटलं. तिच्या सिरमची एक नळी अजून उणे २० ला आहे.